सह्या तपासा, माणसं निवडू नका

फ्लोरिडाच्या विधिमंडळ सदस्यांस,


मे २०२५ मध्ये तुम्ही एचबी १२०५ हा कायदा केलात. राज्याच्या घटनेत दुरुस्ती मागणाऱ्या अर्जांवर सह्या गोळा करणारा माणूस अमेरिकेचा नागरिक आणि फ्लोरिडाचा रहिवासी असलाच पाहिजे, असं त्यात आहे. स्वतःचा अर्ज आणि घरच्यांचे अर्ज सोडून पंचवीसहून जास्त भरलेले अर्ज नोंदणीविना जवळ सापडले, तर पाच वर्षांपर्यंत कैद.

सह्यांची मोहीम कशी चालते, हे दुकानाच्या दारात तासभर उभं राहून पाहा. कुणी थांबतं, ‘हे कशासाठी?’ म्हणून विचारतं, हुज्जत घालतं, सही न करताच निघून जातं. सहीला दोन क्षण लागतात. त्याआधीचं बोलणं हेच खरं काम. १९८८ साली मेयर विरुद्ध ग्रँट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखलं. सह्या गोळा करणाऱ्याला पैसे देणं कोलोरॅडोत गुन्हा होता. ती बंदी न्यायालयाने एकमताने रद्द केली. १९९९ साली त्याच न्यायालयात त्याच राज्याच्या आणखी अटी गेल्या. सह्या घेणारा नोंदणीकृत मतदारच हवा ही एक, आणि छातीवर नावाचा बिल्ला हवा ही दुसरी. सह्या गोळा करायची सहा महिन्यांची मुदत आणि सह्या घेणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र मात्र टिकलं.

खोट्या सह्या होतात, हे मला मान्य आहे. मेलेल्या माणसाच्या नावाने सही करणाऱ्याला जरूर शिक्षा करा. पण तुमच्याकडे प्रत्येक सही काउंटीचं निवडणूक कार्यालय पडताळतं. दुरुस्ती २०२६ च्या मतपत्रिकेवर आणायला ८,८०,०६२ वैध सह्या लागतात, आणि पुढे ती मंजूर व्हायला ६० टक्के मतं. २०२४ मध्ये गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती ५७ टक्के मतं मिळवूनही पडली. दार आधीच इतकं अरुंद आहे.

ग्रीन कार्डावर वर्षानुवर्षं तुमच्या राज्यात राहणारी माणसं आहेत, त्यांत मराठी घरंही आहेत. ती कर भरतात, त्यांची मुलं तुमच्या शाळांत शिकतात. त्यांना मत नाही, हे ठीक. म्हणूनच शेजाऱ्याला पटवून देणं एवढंच त्यांच्या हाती उरतं, आणि तुम्ही नेमकं तेच काढून घेतलंत. सही खरी की खोटी हे सही करणाऱ्यावर ठरतं. समोर अर्ज धरणाऱ्याच्या पासपोर्टाचा तिथे काय संबंध?

न्यायालयं काय म्हणतील ते म्हणोत. कायदा तुम्ही केलात, तेव्हा पुढच्या अधिवेशनात नागरिकत्वाची आणि रहिवासाची अट तुम्हीच काढा, आणि पंचवीस अर्जांसाठीची कैदही.

आपला,
एक मराठी लेखक