खेड कुठलं आणि डिस्क कुठली

मंडळी, आमच्या गावाला दोन नावं. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू १९०८ साली इथे खेडला जन्मले, म्हणून गाव राजगुरुनगर झालं. तालुका मात्र अजून खेडच. शिवाय एक खेड रत्नागिरी जिल्ह्यात आणि सातारा रस्त्यावर खेड-शिवापूर. नुसतं 'खेड' लिहून पत्र टाका आणि बघा गंमत! म्हणून आपण पिनकोड लिहितो, ४१०५०५.

मग लिनक्सचे सर्व्हर सांभाळणारी हुशार माणसं एफएसटॅबमध्ये अजूनही 'एसडीबी१' का लिहितात? (नातेवाईकांसाठी: कुठली डिस्क कुठे जोडायची याची ही यादी, मशीन सुरू होताना वाचली जाते.) अहो, एसडीए-एसडीबी ही नावंच नव्हेत. कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडल्या, तो एसटीच्या रांगेतला नंबर. कुणी जादा यूएसबी डिस्क लावून मशीन रीस्टार्ट केलं की कालचा 'बी' आज 'सी' होऊ शकतो. मशीन अडून बसलं तर नशीब समजा. भलतीच डिस्क बॅकअपच्या जागी जोडली गेली आणि रात्री 'जुनं पुसून नवं लिही' म्हणणारी स्क्रिप्ट धावली, तर सकाळी कुणाला तोंड दाखवणार?

यावर कुणी म्हणेल, लेबल द्या. चालेल, पण लेबल म्हणजे पुन्हा खेडच. रेड हॅट लिनक्स एके काळी प्रत्येक मशीनच्या मूळ विभाजनाला तेच '/' हे लेबल द्यायचं. एका मशीनची डिस्क दुसऱ्यात लावली की गोंधळ. त्यात ईएक्सटी४ला लेबल जेमतेम १६ बाइटचं. देवनागरीत एकेका चिन्हाला ३ बाइट, म्हणजे 'खेड' ९ बाइटांत बसतं, 'राजगुरुनगर'ला ३० लागतात!

राहिला यूयूआयडी. फाइलसिस्टीम बनवताना तिच्या आतच लिहिलेला १२८ बिटांचा क्रमांक. डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, तो तोच राहतो. "३२ आकडे-अक्षरं कोण लक्षात ठेवणार?" हा आक्षेप मी शंभरदा ऐकलाय. कुणीच नाही हो! बीएलकेआयडी चालवा, कॉपी करा, वरच्या ओळीत साध्या मराठीत लिहा, 'रात्रीचा बॅकअप, काळी डिस्क'. एवढ्याचाही आळस असेल तर पगार कशाचा घेता?

एक खरी अडचण आहे. डीडीने अख्ख्या डिस्कची नक्कल केली की यूयूआयडीचीही नक्कल होते, सातबाऱ्याची झेरॉक्स काढावी तशी. एक्सएफएस तर मूळ डिस्क जोडलेली असताना ही नक्कल जोडायला सरळ नकार देते. तेव्हा नकलेला आधी नवा क्रमांक द्या, मगच जोडा.