माल परभारे, पत आपली

मराठीत 'परभारे' हा एक जुना आणि नेमका शब्द आहे. एखादी वस्तू आपल्या हाताखालून न जाता थेट तिसऱ्याकडे पोचली, की ती परभारे गेली असे आपण म्हणतो. कापूस घरी न आणता शेतातून परभारे जिनिंगला गेला, असे वाक्य आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. 'ड्रॉपशिपिंग' या नव्या व्यवसायासाठी मराठी शब्द शोधताना आम्हाला हाच शब्द आठवला. या व्यवसायात दुकानदार माल विकत घेऊन ठेवत नाही. तो संकेतस्थळावर वस्तूंची छायाचित्रे मांडतो, समाजमाध्यमांवर जाहिरात करतो, मागणी आली की ती सुरतेच्या किंवा दिल्लीच्या घाऊक व्यापाऱ्याला कळवतो, आणि तो व्यापारी माल परभारे गिऱ्हाइकाच्या घरी धाडतो. दोन किमतींमधील फरक दुकानदाराचा.

हा शब्द शोधण्याची वेळ आमच्यावर केवळ भाषिक हौसेने आलेली नाही. आम्ही तिघे मराठीचे अधिव्याख्याते आहोत. वये चाळिशीच्या पुढे गेलेली, पदव्या आणि पात्रता परीक्षा पदरात, आणि नेमणूक तासिका तत्त्वावरची. तास नसेल त्या महिन्यात मानधन नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. करोनाच्या दोन वर्षांत ही अनिश्चितता असह्य झाली, तेव्हा २०२१ च्या दिवाळीत आम्ही असे एक दुकान उघडले आणि २०२३ च्या होळीपर्यंत चालवले. ते का मिटले हे लिहिण्याचे मनात नव्हते. परंतु गेल्या पावसाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी विभागात येऊन बसला. राळेगावकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हा मुलगा एम.ए. मराठी, सेट उत्तीर्ण आहे. हा व्यवसाय शिकवणाऱ्या एका वर्गाची फी पंचवीस हजार रुपये होती, आणि ती तो वडिलांच्या कापसाच्या पैशांतून भरणार होता. "सर, भरू का?" एवढेच त्याने विचारले. त्याला दिलेले उत्तर आम्ही येथे विस्ताराने मांडत आहोत, कारण असा प्रश्न घेऊन येणारे विद्यार्थी आपणां सर्वांच्याच विभागांत असणार.

या धंद्याचे पहिले आमिष म्हणजे 'शून्य भांडवल' हे शब्द. ते खरे नाहीत. माल घ्यावा लागत नाही हे मान्य. परंतु जाहिरातीचे पैसे रोजच्या रोज कापले जातात, घाऊक व्यापारी पार्सल हलवण्याआधी रक्कम मागतो, आणि गिऱ्हाईक मात्र वस्तू दारात आल्यावर रोख देणार असते. कुरिअर कंपनी ती रोख गोळा करते आणि आठवड्या-दहा दिवसांनी आपल्या खात्यावर जमा करते. या मधल्या काळात धंदा कोणाच्या पैशांवर चालतो? अर्थातच दुकानदाराच्या. मागण्या वाढल्या तर अडचणही वाढते. आमची सर्वांत जास्त विक्री झाली त्याच महिन्यात आम्हाला उसनवारी करावी लागली.

आमच्या वहीतील २०२२ च्या उन्हाळ्यातला एक आठवडा येथे देतो. वस्तू होती भाजी चिरण्याचे एक हातयंत्र. विक्रीची किंमत ५९९ रुपये, घाऊक दर २४० रुपये. घरपोच पाठवणी आणि रोख वसुली मिळून प्रत्येक पार्सलमागे ९० रुपये, पार्सल परत आले तर आणखी ७० रुपये. जाहिरातीचा खर्च सरासरीने एका मागणीमागे १५० रुपये. त्या आठवड्यात दहा मागण्या आल्या. दहाही पार्सले स्वीकारली गेली असती तर १,१९० रुपये उरले असते. दोन परत आली असती तरी ३३२ रुपये सुटले असते. प्रत्यक्षात तीन परत आली, आणि परतलेला माल व्यापाऱ्याने विनातक्रार मागे घेऊनही आम्हाला ९७ रुपयांचा तोटा झाला. नफा आणि तोटा यांच्या मधोमध एका पार्सलाचे अंतर होते.

ती तीन पार्सले परत का आली, हेही आम्ही विचारून पाहिले. एक घर सोंगणीच्या दिवसांत कुलूपबंद होते. दुसऱ्या गावापर्यंत कुरिअरवाला जातच नव्हता. त्याने गिऱ्हाइकाला तालुक्याच्या ठिकाणी येऊन पार्सल न्या असे सांगितले, आणि त्या बाईंनी त्यासाठी बसभाडे खर्च करण्यास स्पष्ट नकार दिला. तिसऱ्या घरी त्या दिवशी हातात पैसे नव्हते. यातील एकाही कारणावर आमचा ताबा नव्हता, आणि एकालाही लबाडी म्हणता येत नव्हते. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवली. तुरीच्या या मुलखात, रात्री अकरा वाजता भ्रमणध्वनीवर आलेल्या मागण्या मोजून उद्याचा नफा मांडताना, तिचा अर्थ नव्याने कळला.

शेतकऱ्याच्या मुलाला या व्यवसायाची ओढ का वाटते, हे समजण्यासारखे आहे. आभाळाकडे पाहत बसण्यातून त्याला सुटायचे असते. परंतु येथे आभाळ फक्त बदलते. तीच जाहिरात, तीच वस्तू, तोच खर्च. एका मंगळवारी चौदा मागण्या येतात आणि पुढच्या मंगळवारी एकही येत नाही. कारण विचारावे असे कोणी दिसत नाही. एकदा आमचे जाहिरातीचे खाते नियमभंगाच्या सबबीवर नऊ दिवस बंद राहिले. कोणता नियम मोडला हे आम्हाला अखेरपर्यंत कळले नाही. सरकारी निर्णयांचेही तसेच. २०२० च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने अलीएक्स्प्रेससह ४३ अ‍ॅपवर बंदी घातली, आणि त्या चिनी मालावर उभे असलेले गणित एका रात्रीत बाद झाले. तरी आम्ही दुकान उघडले तेव्हा शिकवणीच्या चित्रफितींत ते गणित तसेच फिरत होते. शिकवणाऱ्याचे उत्पन्न आता दुकानातून येत नसून शिकवण्यातून येते, हा विचार तेव्हा आम्हाला शिवला नाही. शिक्षकांना तो शिवायला हवा होता.

एवढ्यावरच भागले असते तर हा केवळ हिशेबाचा विषय राहिला असता. आमचे दुकान मिटले ते दुसऱ्या कारणाने. उमरखेडकडच्या एका विद्यार्थिनीच्या आईने ते यंत्र मागवले होते. पाते तुटलेले निघाले. आम्ही घाऊक व्यापाऱ्याला छायाचित्रे पाठवली, पाच-सहा वेळा फोन केले. मग तो फोन लागेनासा झाला. त्या बाई रागावल्या नाहीत. "सर, मी तं तुमच्या भरोशावर घेतलं," एवढेच म्हणाल्या. आम्ही पदरचे पैसे परत केले. त्यानंतर तिघेही बराच वेळ गप्प बसून होतो. आमच्या दुकानात माल नाही असे आम्ही अभिमानाने सांगत आलो होतो. परंतु माल होता, आणि तो आम्ही रोज विकत होतो. 'सर' या हाकेतील पंधरा-वीस वर्षांचा विश्वास हाच तो माल. ती आमची एकमेव पुंजी, आणि ती कोणत्याही घाऊक व्यापाऱ्याकडून पुन्हा भरून मिळणारी नव्हती.

माल जवळ नसताना व्यापार करणारा माणूस आपल्या भागाला नवा नाही. अडत्या हा तसाच. माल शेतकऱ्याचा, पैसा खरेदीदाराचा, अडत्याची फक्त अडत. त्याने किती पिळवणूक केली हे आपण जाणतोच. रुमालाखाली बोटे दाबून ठरलेल्या भावांच्या कथा आमच्या आजोबांच्या पिढीने सांगितल्या आहेत. तरीही त्याच्याबाबत एक गोष्ट स्पष्ट होती. तो कोणाचा कोण आणि कशाबद्दल पैसे घेतो, हे बाजारात सर्वांना ठाऊक असे. वऱ्हाडात १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, तो मध्यस्थाला उघड्यावर आणून परवान्याच्या चौकटीत बसवण्यासाठीच. अडत्याला अडचण आली तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येत असे. आमच्या घाऊक व्यापाऱ्याचा ओटा कोठे आहे हे आम्हालाच माहीत नव्हते, आणि आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांना आमचा.

कायद्याच्या दृष्टीने मात्र विक्रेता आम्हीच होतो, आणि ते योग्यही आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० सालच्या ई-वाणिज्यविषयक नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळी निघालेली वस्तू परत घेण्यास नकार देता येत नाही. दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर सर्वसाधारणतः उलाढाल कितीही लहान असली तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. म्हणजे उत्तरदायित्व पूर्ण आहे, आणि वस्तूचा दर्जा, पाठवणीचा दिवस, वेष्टन यांपैकी कशावरही अधिकार नाही. अधिकाराविना उत्तरदायित्व ही स्थिती आम्हाला फारशी अनोळखी वाटली नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याकडून निकालाची अपेक्षा केली जाते, परंतु विभागाच्या बैठकीत त्याला खुर्ची नसते.

येथे साहित्याच्या अभ्यासकांना काही म्हणायचे आहे. आपल्या वर्गांत व्यापारी येतो तो बहुधा नाडणारा म्हणून. आणि शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा येतो तो नोकरी न मिळालेला म्हणून. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) मधील एकनाथ हा एम.ए., बी.एड. झालेला तरुण पैशांअभावी नोकरीबाहेर राहतो. या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ती अनेक अभ्यासक्रमांत लागली, आणि आम्हीही ती तळमळीने शिकवली. एकनाथाच्या पुढच्या पिढीचे काय झाले, हा प्रश्न मात्र आम्ही वर्गात विचारला नाही. त्या पिढीतील काहींनी आता दुकान थाटले आहे. त्यांना नाडणारा म्हणता येत नाही आणि निव्वळ नाडलेला म्हणूनही चालत नाही, कारण त्यांच्याही जाहिरातीत 'शेवटचे तीन नग शिल्लक' असे खोटे वाक्य असते. आमच्याही होते. या दुहेरी माणसाचे वाचन करण्याची तयारी आपल्या समीक्षेने करायला हवी.

तशी परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. तुकोबांचे घराणे महाजनकीचे. दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, आणि आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली अशी परंपरा सांगते. आम्ही वर्गात त्यांच्या वैराग्यावर दोन तास बोलतो आणि बुडालेल्या दुकानाला एक वाक्य देतो. पत, भांडवल, खोटे-खरे, तोलमाप या शब्दांना नैतिक वजन येते ते ज्याने ते बाजारात वापरले त्याच्या तोंडी. आमचे दुकान फार लहान होते आणि आमच्याकडून त्यातून काही मोठे घडले नाही, परंतु 'पत' या शब्दाचे स्पष्टीकरण आम्ही आता पूर्वीसारखे देत नाही.

त्या विद्यार्थ्याला आम्ही फी भरू नकोस असे सांगितले. दुकान काढू नकोस असे मात्र सांगितले नाही. ते सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही, कारण त्याऐवजी त्याला देण्याजोगे आमच्याजवळ काहीच नाही. तीन गोष्टी सांगितल्या. जी वस्तू विकायची ती आधी स्वतः पैसे देऊन, स्वतःच्या गावाच्या पत्त्यावर मागव. पैसे अडकले तरी तीन आठवडे निभेल एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय जाहिरात करू नकोस. आणि शक्यतो ज्याच्या दारापर्यंत बसने जाता येईल अशाचाच माल विक. या शेवटच्या सूचनेने धंदा लहान राहील याची आम्हाला कल्पना आहे.

त्याने एक वस्तू मागवली. ती अकरा दिवसांनी पोचली, आणि तो ती घेऊन पुन्हा विभागात आला. स्वयंपाकघरातील काहीतरी होते. मूठ जरा वाकडी होती. आम्ही तिघांनी ती हातात घेऊन पाहिली. "घरी आईला वापरायला दिली होती," तो म्हणाला, "तिला काही चालली नाही." हे दुकान पुढे निघेल की नाही ते सांगता येत नाही. परंतु वस्तू विकण्यापूर्वी ती आईच्या हातात देऊन पाहणे एवढा विवेक ज्याच्यापाशी आहे, त्याला पंचवीस हजारांच्या वर्गाची गरज नाही, असे आमचे मत झाले आणि ते आम्ही त्याला सांगितले.