माफी कोणी मागायची?

दशलक्षण पर्व संपले की आपल्याकडे क्षमावणी येते. त्या दिवसाचा नियम साधा आहे. ज्याच्या हातून दुसरा दुखावला गेला, त्याने आधी हात जोडायचे. सासूने सुनेला बोलून दुखवले असेल तर सासूने पुढे व्हायचे. (निदान सांगितले तरी तसेच जाते!) उलट सासूच जर म्हणाली, "जा गं, तुला माफ केलं," तर त्याला कोणी क्षमावणी म्हणेल का?

ब्रिटनच्या सरकारने नेमके हेच केले. अ‍ॅलन ट्युरिंग हा थोर गणिती. पुरुषावर प्रेम केले म्हणून 1952 मध्ये त्याला दोषी ठरवले. तुरुंग टाळायचा तर हार्मोनची औषधे घ्या, अशी अट घातली. 1954 मध्ये तो गेला. 2013 मध्ये राणीने त्याला 'माफी दिली' आणि 2017 च्या कायद्याने त्याच्यासारख्या हजारोंना. पण 1974 मध्ये शिक्षा झालेले जॉर्ज मॉन्टेग्यू म्हातारपणी अडून बसले. माफी घेतली तर गुन्हा कबूल केल्यासारखे होईल; मला माफी नको, तुम्ही माझी माफी मागा, असे त्यांचे म्हणणे. किती खरे बोलले!

जर्मनीने त्यापुढचे पाऊल टाकले. तिथले कलम 175 नाझींनी 1935 मध्ये जास्त कडक केले, आणि नाझी गेल्यावरही पश्चिम जर्मनीने ते तसेच 1969 पर्यंत ठेवले. पन्नास हजारांच्या आसपास पुरुषांना शिक्षा झाल्या. 2017 मध्ये तिथल्या संसदेने त्या शिक्षाच रद्द केल्या. भरपाईही ठरवली: प्रत्येक शिक्षेमागे 3,000 युरो आणि तुरुंगातल्या दर वर्षामागे 1,500. गेलेले तारुण्य एवढ्या पैशांत परत येत नाही. पण चूक कोणाची होती, हे कागदावर आले.

आता आपल्या घरात बघू. कलम 377 इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातले, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सज्ञान माणसांचा परस्परसंमतीचा संबंध हा गुन्हा नाही. पाच न्यायमूर्तींत इंदू मल्होत्रा या एकट्या बाई. इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागायला हवी, असे त्यांनी लिहिले. ते वाक्य वर्तमानपत्रांनी छापले, आपणही वाचून डोळे पुसले. पण त्याच निकालपत्राच्या शेवटी आणखी एक वाक्य आहे, ते फारसे कोणी वाचले नाही. चालू असलेल्या खटल्यांना या निकालाचा आधार मिळेल, मात्र निकाली निघालेली प्रकरणे पुन्हा उघडली जाणार नाहीत!

म्हणजे माफी मागायची, आणि दारही लावून घ्यायचे. शिवाय माफी मागायची कोणी, तर इतिहासाने. इतिहासाला जोडायला हात नसतात हो. हात सरकारला असतात, पोलिसांना असतात, न्यायालयाला असतात.

कोणी म्हणेल, अशी माणसं असून असून किती असणार? 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटले होते: दीडशे वर्षांत, छापील निकालांवरून मोजले तर, दोनशेपेक्षा कमी लोकांवर खटले झाले. बरं, तसं समजू. मग तर काम सोपेच की! दोनशे कागद तपासायला किती दिवस लागतात? आणि आकड्याचाच हिशेब करायचा तर आपण जैन तरी देशात किती आहोत? थोडे असल्याने अन्याय लहान होत नसतो.

दुसरी शंका आपल्या बायकांची, आणि ती रास्त आहे. याच कलमाखाली बळजबरी करणारे, लेकरांवर अत्याचार करणारेही आत गेले. त्यांची शिक्षा तिळभरही कमी व्हायला नको. म्हणून तर एकेक कागद तपासायचा. जर्मनीने बळजबरीची आणि सोळा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणे वगळलीच होती.

ज्याला कोर्टाने शिक्षा दिली नाही, तोही सुटला असे नाही. रामचंद्र सिरस अलीगढच्या विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. तुमच्या-माझ्यासारखेच महाराष्ट्राबाहेर मराठी धरून राहिलेले. 2010 मध्ये त्यांच्या घरात घुसून चित्रण केले गेले आणि विद्यापीठाने निलंबित केले ते त्यांनाच. एप्रिलच्या 1 तारखेला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. आठवड्याच्या आत ते आपल्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. दिल्ली उच्च न्यायालयाने तर 2009 मध्येच असा संबंध गुन्हा नाही म्हटले होते. कायदा मऊ झाला, तरी कलंक कुठे पुसला गेला?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. संमतीच्या संबंधासाठी झालेल्या शिक्षा संसदेने कायदा करून रद्द कराव्यात. पोलिसांच्या वह्यांतून ती नावे काढावीत. जो गेला असेल त्याच्या बहिणीला, पुतण्याला अर्ज करता यावा. नोकरी गेली असेल तर भरपाई द्यावी. आणि सरकारने आपल्या तोंडाने, आपल्या नावाने, चुकलो म्हणावे.

हे मागायला आपण समलिंगी असायची गरज नाही. चूक कोणाची आणि हात कोणी जोडायचे, एवढे कळत असले तरी पुरे.