हानलेचा अंधार राखतंय कोण?

ईदचा चाँद शोधायला आपण गच्चीवर जातो, तेव्हा आधी डोळ्यांत घुसतो समोरच्या होर्डिंगचा उजेड. लडाखमधल्या हानलेलाही प्रश्न उजेडाचाच आहे. तिथं सुमारे 4500 मीटर उंचीवर दोन मीटर आरशाची 'हिमालयन चंद्रा' दुर्बीण आहे (नाव शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांचं, चाँदचं नव्हे). 2024 मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 21 मीटर व्यासाच्या 'मेस' दुर्बिणीचंही उद्घाटन झालं. कौतुक यंत्रांचं झालं. पण त्यांना लागणारा काळोख राखतात गावकरी. डिसेंबर 2022 मध्ये हा परिसर 'डार्क स्काय रिझर्व्ह' ठरला. तेव्हापासून दिवे मंद, खिडक्यांना जाड पडदे. आता तारे पाहायला पर्यटक येतात, गाड्यांचे हेडलाइट लावून! रात्री किती गाड्या सोडायच्या, हे आमच्या मते गावानंच ठरवावं.