माल कुणाचा, पट्टी कुणाची?

गेल्या गणेशोत्सवात अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये आरती झाली, पंगत उठली आणि एका घोळक्यात कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला. "पोरांना खेळायचे पैसे? शिक्षणाचा बाजार झाला!" असं एक गृहस्थ म्हणाले आणि सगळ्यांच्या माना डोलल्या. प्रस्तुत लेखिकेची कॉलेजात क्रॉस कंट्री धावणारी मुलगी जवळच उभी होती. ती म्हणाली, "बाजार आधीपासूनच होता, काका. खेळणाऱ्यांना हिस्सा नव्हता."

माना डोलावणाऱ्यांत कितीतरी जण शेतकऱ्यांच्या घरचे होते, याचं लेखिकेला जास्त वाईट वाटलं. तिचं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरचं. तिथल्या उपबाजारात कांद्याच्या ट्रॉल्या रांगेनं लागत, लिलाव होई आणि वडील हिशेबपट्टी खिशात घालून घरी येत. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता काय उरलं, ते आई त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखी. पिकवणाऱ्याच्या हाती सगळ्यांच्या शेवटी आणि सगळ्यांत कमी पडतं, हा अन्याय आहे हे त्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मग इथे आल्यावर तो न्याय कसा वाटू लागतो?

मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. जॉर्जिया विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांचा करार वर्षाला १.३ कोटी डॉलरच्या घरातला आहे. मैदानावर गुडघे मोडून घेणाऱ्या मुलांना मात्र वर्षानुवर्षं शिष्यवृत्तीवर समाधान मानायला सांगितलं गेलं. जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येऊ लागलं. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. तिच्यानुसार जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई मिळेल आणि प्रत्येक विद्यापीठाला २०२५-२६ मध्ये खेळाडूंना थेट २.०५ कोटी डॉलरपर्यंत देता येतील.

हौशी खेळाच्या पावित्र्याची किंमत नेहमी खेळाडूच मोजतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांना पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं आणि परतल्यावर कुस्त्या मारून ते कर्ज फेडलं. पदक देशाचं झालं, कर्ज त्यांचं राहिलं.

लेखिकेची खरी तक्रार मात्र वाटणीची आहे. भरपाईतला जवळपास नव्वद टक्के भाग फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जातो. नव्या रकमेतलाही सुमारे पाऊण हिस्सा अनेक मोठी विद्यापीठं फुटबॉललाच देतात. आजीच्या घरी भाकरीवरची तुपाची धार आधी मुलग्यांच्या ताटात पडे आणि मुलींच्या वाट्याला बुधलीच्या तळाशी उरलेलं येई. तीच पंगत इथे मांडली आहे. ज्या खेळांची तिकिटं खपत नाहीत, त्यांच्यावर तर संघच बंद होण्याची टांगती तलवार आहे. आणि नाशिक जिल्ह्याचं नाव जगात गेलं ते अशाच खेळांमुळे: सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं. विंचूरपासून फार लांब नसलेल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओला नौकानयनात तेरावा आला.

 

सूर उपदेशाचा झाला असेल तर वाचकांनी क्षमा करावी. त्या संध्याकाळी बोलणारे गृहस्थही शिक्षणाच्या काळजीनंच बोलले होते, हे लेखिका जाणते. पण काळजी असेल तर ती योग्य दारात मांडायला हवी. डिसेंबरात आपल्यापैकी अनेक घरांतून विद्यापीठाला देणगीचा धनादेश जातो. या वर्षी त्या पाकिटात चार ओळींचं पत्रही घालावं आणि विचारावं, की धावणाऱ्या आणि वल्ही मारणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला नेमके किती पैसे आले, ते आम्हाला कळवा.