ठाण्याची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पोलीस ठाण्याची पायरीही आपण त्याच यादीत घातली आहे. या शहाणपणाची किंमत काय असते, हे सप्टेंबर 2023 मध्ये उज्जैनला दिसले. अत्याचाराला बळी पडलेली एक अल्पवयीन मुलगी रक्तबंबाळ अवस्थेत मदतीसाठी दारोदार फिरली. एका घरापुढचा माणूस तिला हाकलताना कॅमेऱ्यात दिसला. अखेर एका आश्रमातील पुजाऱ्याने तिला अंगावर घ्यायला वस्त्र दिले आणि पोलिसांना कळवले.

माणुसकी संपली, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला मात्र त्या बंद दारांमागे भीतीही दिसते. ‘उगाच जाबजबाब आणि हेलपाटे मागे लागतील’ ही भीती तुमच्या-माझ्या घरातही आहे. ती उपदेशाने जात नाही, ओळखीने जाते.

याचा दाखला भिवंडीने दिला आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींत होरपळलेल्या या यंत्रमागांच्या गावात 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी साधी माणसे घेतली, हिंदू आणि मुसलमान सारख्याच संख्येने. मोहल्ल्यातील लहानसहान तंटे पोलिसांसह तेथेच बसून मिटू लागले. डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली. शेजारची भिवंडी शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झाली होती, पण लोकांना लागलेली सवय बदलून गेली नव्हती.

उज्जैनला 2028 मध्ये सिंहस्थ आहे. गर्दी आवरायला स्वयंसेवक येतील, बिल्ले लावतील आणि मेळा संपताच पांगतील. मेळ्यापुरती ओळख रात्री-अपरात्री दार उघडायला पुरत नाही. त्यासाठी प्रत्येक वस्तीत दरमहा बैठक हवी आणि तीत पोलिसांविरुद्धची तक्रारही निर्भयपणे मांडता यायला हवी. विश्वास एकाच बाजूने मागून मिळत नाही. ठाण्यात गरिबाला खुर्ची मिळाली, तरच तो पुन्हा येईल.

आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात, श्रमदान होते. विद्यार्थिमित्रांनो, यंदा एक संध्याकाळ जवळच्या ठाण्यासाठीही राखून ठेवू या. तक्रार कशी लिहितात, हवालदाराची अडचण काय असते, एवढे जरी कळले तरी पायरीची भीती कमी होईल. उद्या आपलेही दार कोणी ठोठावील. तेव्हा ते उघडायचे धैर्य आजच कमवावे लागेल.