धरण पाहून परतू नका, बेटावर उतरा

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी मंडळींना, त्यातही अंबरपेठ, काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा या भागांतल्या शेजाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यात नागार्जुनसागरचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की आपण गाड्या काढतो. कोसळणारं पाणी पाहतो, फोटो काढतो, तळलेले मासे खातो आणि अंधार पडायच्या आत परतीला लागतो. यंदा एवढ्यावर थांबू नका. एक रात्र तिथे मुक्काम करा, सकाळची लाँच पकडा आणि जलाशयाच्या मध्यावरच्या नागार्जुनकोंडा बेटावर जाऊन या. मुलांना न्याच, आणि चालवत असेल तर आजी-आजोबांनाही न्या.

हे सांगण्याचं एक कारण घरातल्या नळाशी जोडलेलं आहे. २००४ पासून हैदराबादला कृष्णेचं पाणी मिळू लागलं. नागार्जुनसागरच्या जलाशयातून उचललेलं हे पाणी आधी अक्कमपल्लीच्या तलावात येतं, तिथून शुद्ध होऊन मोठमोठ्या नळांतून शहरात पोचतं. आज ही योजना तीन टप्प्यांची आहे आणि शहराची तहान मोठ्या प्रमाणात तिच्यावरच भागते. ही कृष्णा आपल्या चांगल्या ओळखीची. महाबळेश्वरला उगम, वाईचे घाट, सांगली, नरसोबाची वाडी, मग कर्नाटक, श्रीशैलम आणि सागर. वापरून झालेलं पाणी अंबरपेठच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून मुसीत जातं, आणि मुसी नदी सागर धरणाच्या खाली वाडपल्लीला कृष्णेलाच मिळते. ज्या जलाशयाचं पाणी आपण पितो, त्याच्या तळाशी एका राजधानीचे अवशेष आहेत. त्या राजधानीतलं जे वाचवता आलं, ते बेटावर आणि काठावर ठेवलेलं आहे. ते एकदा डोळ्यांनी पाहणं हे आपलं देणं आहे असं मला मनापासून वाटतं.

ती राजधानी म्हणजे विजयपुरी. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकात इथे इक्ष्वाकू राजे नांदले. त्यांच्या आधी हा मुलूख सातवाहनांचा, म्हणजे आपल्या पैठणच्या घराण्याचा. विजय सातकर्णी या उत्तरकालीन सातवाहन राजाचा शिलालेख याच खोऱ्यात सापडला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत ज्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे, तो राजा स्वतःला गौतमीपुत्र म्हणवतो. इक्ष्वाकू राजांनीही आईचं नाव लावण्याची तीच रीत पुढे चालवली : वासिष्ठीपुत्र चांतमूल, माठरीपुत्र वीरपुरुषदत्त. नाशिक भागात ज्यांचा अंमल होता त्या आभीरांपैकी वसुसेन राजाच्या काळातला लेखही इथे आहे. त्यात अष्टभुज विष्णूच्या मूर्तीच्या स्थापनेची नोंद आहे. म्हणजे पैठण, नाशिक आणि विजयपुरी यांच्यात माणसांची, राजांची आणि देवांची ये-जा होती. पैठण-नाशिक पाहिलेल्या मराठी माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही.

हे सगळं उजेडात आलं ते १९२६ साली. सुरपराजू वेंकटरामय्या नावाच्या एका स्थानिक शाळामास्तरांना खोऱ्यात उभे खांब दिसले आणि त्यांनी ती गोष्ट सरकारदरबारी कळवली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या लाँगहर्स्ट यांनी १९२७ ते १९३१ या काळात उत्खनन केलं. त्यानंतर धरणाचा निर्णय झाला. १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी पायाभरणी केली आणि खोरं बुडणार हे पक्कं झालं. पायाभरणीच्या आधीपासूनच पुरातत्त्व खात्याने आर. सुब्रह्मण्यम यांच्या देखरेखीखाली १९५४ ते १९६० अशी सलग खोदाई केली. अश्मयुगातल्या हत्यारांपासून मध्ययुगापर्यंतचे शंभरावर अवशेष नोंदवले. त्यांतल्या निवडक वास्तू उचलून जिथे पाणी पोचणार नव्हतं अशा दोन ठिकाणी पुन्हा उभ्या केल्या : काही नागार्जुनकोंडा डोंगराच्या माथ्यावर, म्हणजे आजच्या बेटावर, काही काठावरच्या अनुपू इथे. नाईलच्या धरणात बुडणारी इजिप्तची अबू सिंबेलची मंदिरं जगाने १९६४ ते १९६८ मध्ये हलवली. त्याचं कौतुक शाळेच्या पुस्तकांत असतं. आपल्याकडे हे बचावकार्य त्याच्याही आधी झालं होतं, आणि ते आपल्या दारापासून तीन-साडेतीन तासांवर आहे.

बचावकार्याबद्दल बोलताना बुडालेल्यांनाही विसरू नये. या पाण्याखाली प्राचीन नगराबरोबर विसाव्या शतकातली नांदती गावं, शेतं आणि देवळं गेली. कोयनेच्या शिवसागरात ज्यांचं गाव गेलं, अशा मराठी कुटुंबांना हे वेगळं समजावून सांगायला नको. लाँच मधल्या पाण्यात आली की मुलांना ही गोष्टही सांगा. आपल्या नळाच्या पाण्यासाठी कुणाचं तरी घर पाण्याखाली गेलं आहे, हे त्यांना माहीत असलं पाहिजे.

बेटावर उतरल्यावर काय पाहायचं? पहिल्यांदा पुन्हा रचलेले विहार आणि स्तूपांचे चौथरे पाहा आणि त्यांतल्या मोठ्या स्तूपाजवळ, म्हणजे महाचैत्याजवळ थोडं थांबा. वरवर पाहिलं तर विटांच्या बुटक्या भिंती आणि मधे माती, एवढंच दिसतं. पण एका बाजूने उभं राहून नीट पाहिलं तर त्या भिंती गाडीच्या चाकासारख्या मध्यापासून आऱ्यांनी परिघापर्यंत गेलेल्या दिसतात. आधी चाकाचा सांगाडा बांधायचा, कप्पे मातीने भरायचे आणि वर घुमट चढवायचा, अशी ही पद्धत. मूळ स्तूप उकरताना लाँगहर्स्ट यांना याच कप्प्यांपैकी एकात मातीच्या भांड्यात ठेवलेला स्तूपाच्या आकाराचा चांदीचा छोटा करंडक मिळाला. त्याच्या आत सोन्याची इवलीशी डबी, आणि डबीत अस्थीचा एक तुकडा. तो आता सारनाथच्या मूलगंधकुटी विहारात आहे.

हा महाचैत्य कुणी बांधवला हेही वाचून जा. चांतमूल राजाची बहीण चांतिश्री हिने. राजा स्वतः वैदिक यज्ञ करणारा, अश्वमेधाचा अभिमान बाळगणारा. आणि बौद्ध स्तूप-विहारांना सढळ हाताने दान देणाऱ्या त्याच्या घरातल्या बायका. स्तूपाच्या चारही दिशांना पाच-पाच आयक खांब उभे करायचे आणि त्यांवर प्राकृतात दानाची नोंद कोरायची, अशी इथली रीत होती. बोधिश्री नावाच्या एका उपासिकेचा लेख तर मुद्दाम लक्षात ठेवावा. तिने सिंहलाच्या, म्हणजे श्रीलंकेच्या भिक्षूंसाठी वास्तू बांधवल्या आणि त्या आचार्यांनी धर्माचा प्रसार कुठे कुठे केला त्या देशांची नावं लेखात दिली : काश्मीर, गांधार, चीन, तोसली, वंग, वनवासी. त्यांत अपरांतही आहे, म्हणजे आपलं कोकण. सतराशे वर्षांपूर्वी कृष्णाकाठची एक बाई दगडावर कोकणाचं नाव कोरवून ठेवते, ही साधी गोष्ट नाही. कोकणातल्या माणसाने तर या लेखाची ओळख करून घ्यायलाच हवी.

मग संग्रहालय. हिरवट-पांढऱ्या चुनखडीच्या शिळांवर जातककथा कोरलेल्या आहेत. घाई करू नका. एका शिळेसमोर पाच मिनिटं थांबा आणि मुलांना त्यातली गोष्ट शोधू द्या. माणसांच्या डोक्यावरचे फेटे, बायकांच्या हातभर बांगड्या, हत्तीच्या वळलेल्या सोंडा हे सगळं अगदी जवळून पाहता येतं. इथल्या शिल्पांत शक पोशाखातला एक भालाईतही आहे. ज्या शकांशी गौतमीपुत्राने नाशिक भागात झुंज दिली, त्यांच्या धाटणीचा पहारेकरी पुढे विजयपुरीच्या शिल्पात यावा, यावरून त्या काळची दक्षिण किती मोकळी होती ते कळतं.

अनुपूला जायला वेगळा वेळ ठेवा. पायऱ्यापायऱ्यांची बैठक असलेलं प्रेक्षागार, हारीतीचं मंदिर आणि विहारांचे अवशेष तिथे आहेत. प्रेक्षागाराच्या मधोमध एकाने उभं राहून साध्या आवाजात बोलावं आणि दुसऱ्याने वरच्या पायरीवर बसून ऐकावं. आवाज कसा पोचतो ते मुलांना स्वतः करून पाहू द्या.

जगात दुसरीकडे अशा जागी लोक कसे जातात, हेही पाहण्यासारखं आहे. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला देशात पेतेन इत्झा नावाचं सरोवर आहे आणि त्यातल्या बेटावर फ्लोरेस हे छोटं गाव. कधीकाळी ती इत्झा मायांची राजधानी होती, १६९७ मध्ये ती स्पॅनिश फौजेने घेतली. तिथून साठेक किलोमीटरवर तिकाल हे मायांचं महानगर जंगलात उभं आहे. तिकालच्या एका शिळास्तंभावर इसवी सन २९२ ची तारीख कोरलेली आहे. म्हणजे तिकालचे राजे दगडावर तारखा कोरत होते, जवळपास त्याच काळात आपल्या विजयपुरीत आयक खांबांवर दानलेख कोरले जात होते. तिथे जाणारा प्रवासी फ्लोरेसला मुक्काम करतो, पहाटे उठून तिकालला जातो, दिवसभर फिरतो. आपली मुलं मोबाइलवर तिकालचे व्हिडिओ पाहतात आणि नागार्जुनकोंड्याचं नाव त्यांच्या कानावरही आलेलं नसतं. हा दोष मुलांचा नाही, आपण त्यांना नेलं नाही.

आता जाण्याच्या चार गोष्टी. अंबरपेठहून दिलसुखनगर, एल. बी. नगर ओलांडून सागर रोडला लागायचं. इब्राहिमपट्टणम, माल, मल्लेपल्ली, पेद्दवूरा असं करत साधारण दीडशे किलोमीटर होतात. गाडी नसेल तर इमलीबनच्या बस स्टँडवरून माचर्लाकडे जाणाऱ्या आरटीसीच्या बस सागरवरून जातात. धरणाचा अलीकडचा काठ तेलंगणात, पलीकडचा काठ आणि बेट आंध्रातल्या पालनाडू जिल्ह्यात. लाँच पलीकडच्या विजयपुरी साऊथहून सुटतात, तेलंगणाच्या पर्यटन खात्याच्या फेऱ्याही असतात. पण पाण्याची पातळी, वारा आणि प्रवाशांची संख्या पाहूनच लाँच सोडतात, म्हणून निघण्याआधी दोन्ही राज्यांच्या पर्यटन खात्यांकडे फोन करून खात्री करून घ्या.

शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, तो दिवस टाळा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले : जलाशय भरलेला असतो आणि ऊनही सोसवतं. आदल्या संध्याकाळी पोचा, धरण आणि बुद्धवनम पाहा. तेलंगणा सरकारचं हे बौद्ध उद्यान २०२२ मध्ये खुलं झालं, तिथे अमरावतीच्या स्तूपाची मोठी प्रतिकृती आहे. दुसऱ्या दिवशी पहिल्या लाँचने बेटावर जा. तिथे किती वेळ मिळणार आणि परतीची लाँच केव्हा, हे चढण्याआधीच विचारा. वेळ कमी असेल तर आधी महाचैत्य, मग संग्रहालय. बेटावर खाण्यापिण्याची सोय जेमतेम असते, म्हणून डबा, पाणी आणि टोप्या घरून न्या. धक्क्यावरून वर थोडी चढण आहे, वडीलधाऱ्यांना सावकाश चढू द्या. परतीला आंध्रच्या बाजूचा एत्तिपोतला धबधबा पाहता येतो, पण त्यासाठी बेटाचा वेळ कापू नका.

एका बाबतीत मात्र हयगय नको. लाँचमध्ये बसल्याबरोबर लाइफ जॅकेट घाला, मुलांच्या पट्ट्या स्वतः आवळा, आणि जॅकेट पुरेशी नसतील किंवा गर्दी जास्त असेल तर सरळ उतरा. सप्टेंबर २०१९ मध्ये गोदावरीत कच्चुलुरूजवळ पर्यटकांची बोट बुडाली आणि अनेक घरं उजाड झाली. उकडतं म्हणून जॅकेट काढून ठेवायचं, असं कुणी म्हणालं तर त्याला स्पष्ट शब्दांत टोका.

आणि जाताना एक भान असू द्या. तिथल्या वास्तू खोऱ्यातून उचलून, क्रमाने लावून पुन्हा उभ्या केलेल्या आहेत. त्यांवर चढून फोटो काढू नका, नाव कोरू नका, कोरणाऱ्याला थांबवा. प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या पाण्यात टाकू नका. ते पाणी पुढे अंबरपेठच्याच माठात येणार आहे.

पुढच्या महिन्यात शुक्रवार सोडून कुठलेही दोन दिवस ठरवा. इमारतीतली, गल्लीतली दोन-तीन घरं मिळून जा, आणि जाण्याआधी मुलांना चांतिश्री आणि बोधिश्री यांची नावं तेवढी सांगून ठेवा.